डिसिजन ट्रीचा निकाल वाचायचा कसा? आरपार्टच्या एका छोट्या झाडावर पायरी-पायरीने

डिसिजन ट्री म्हणजे एकामागे एक प्रश्न विचारून डेटातल्या ओळींचे गट पाडणारी आणि प्रत्येक गटाला एक उत्तर, म्हणजे लेबल, देणारी पद्धत. ती चालवायला आज्ञेची एक ओळ पुरते. पडद्यावर झाड उभं राहतं आणि बहुतेक नवखी मंडळी तळाच्या चौकटींमधली लेबलं वाचून त्यांचे नियम करतात आणि थेट अहवालात टाकतात. खरं तर लेबल हा त्या चौकटीतला सगळ्यात कमी माहितीचा भाग आहे. तिथे किती ओळी पोचल्या, त्यातल्या किती चुकल्या आणि न पाहिलेल्या ओळींवर हे झाड टिकतं का, हे आधी वाचायचं. लेबल शेवटी.

नुसतं सांगून हे पटत नाही, म्हणून इथे एक खरं झाड मुळापासून पानापर्यंत वाचू. आर या सॉफ्टवेअरच्या आरपार्ट पॅकेजसोबत ‘कायफोसिस’ नावाचा छोटा डेटा येतो. पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झालेल्या ८१ मुलांच्या ८१ ओळी आहेत. उत्तराचा कॉलम कायफोसिस, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर कण्याला बाक आहे की नाही: ‘प्रेझेंट’ किंवा ‘ॲबसेंट’. बाकी तीन कॉलम असे: एज, म्हणजे वय, पण महिन्यांत, नंबर, म्हणजे किती मणके गुंतले होते, आणि स्टार्ट, म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्या सगळ्यात वरच्या मणक्याचा क्रमांक. डेटा इतका लहान आहे की प्रत्येक आकडा हाताने ताळून पाहता येतो. शिकायला तेच हवं.

काय काय लागेल

- आर. मोफत आहे. सोबत आरस्टुडिओ असेल तर काम सोपं होतं, पण नसलं तरी अडत नाही.
- आरपार्ट पॅकेज. आरच्या नेहमीच्या इन्स्टॉलेशनसोबतच येतं, फक्त लायब्ररी आज्ञेने उघडायचं. चित्र नीट हवं असेल तर ‘आरपार्ट डॉट प्लॉट’ हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं.
- कॉलमांची यादी: प्रत्येक कॉलमचं एकक काय आणि ती माहिती कोणत्या वेळी हाती येते. हा कागद बहुतेक जण करत नाहीत आणि पुढे तिथेच फसतात. ‘एज < ५५’ वाचून कुणी पंचावन्न वर्षं समजलं तर पुढचं सगळं वाचन वाया जातं.
- कॅल्क्युलेटर, कोरा कागद.

पायथन, वेका किंवा एसपीएसएस वापरत असाल तरी पायऱ्या याच आहेत. छापायची पद्धत कुठे बदलते ते नवव्या पायरीत आहे.

१. झाड उघडण्याआधी उत्तराचा कॉलम मोजा

टेबल आज्ञेने कायफोसिस कॉलमची मोजदाद करा: ॲबसेंट ६४, प्रेझेंट १७. म्हणजे काहीच न शिकता प्रत्येक मुलाला ‘ॲबसेंट’ म्हटलं तरी ८१ पैकी ६४ उत्तरं बरोबर येतात, ७९ टक्के. हा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढे ‘माझी अचूकता ८४ टक्के’ असं म्हणताना तुलना शून्याशी नाही, ७९ शी करायची आहे.

दुसरी तपासणी कॉलमच्या प्रकाराची. उत्तर ० आणि १ अशा आकड्यांत भरलेलं असेल आणि तुम्ही काही सांगितलं नाही, तर आरपार्ट ते वर्गीकरण न समजता सरासरीचं झाड बांधतं. चूक दाखवणारा कुठलाही संदेश येत नाही. ओळखायची खूण एकच: छापील निकालाच्या शीर्षकात ‘लॉस’च्या जागी ‘डेव्हियन्स’ दिसतं. तसं दिसलं तर उत्तराचा कॉलम फॅक्टर, म्हणजे आरमधला वर्गांचा कॉलम, करा किंवा मेथडमध्ये ‘क्लास’ लिहा, आणि झाड पुन्हा चालवा.

२. एक ओळ सुटी करून वाचा

झाड प्रिंट केल्यावर जे येतं ते खाली देवनागरीत उतरवलं आहे, अपूर्णांक दोन स्थळांपर्यंत ठेवून. तुमच्या पडद्यावर हेच इंग्रजी अक्षरांत दिसेल.

१) रूट ८१ १७ ॲबसेंट (०.७९ ०.२१)
२) स्टार्ट >= ८.५ ६२ ६ ॲबसेंट (०.९० ०.१०)
४) स्टार्ट >= १४.५ २९ ० ॲबसेंट (१.०० ०.००) *
५) स्टार्ट < १४.५ ३३ ६ ॲबसेंट (०.८२ ०.१८)
१०) एज < ५५ १२ ० ॲबसेंट (१.०० ०.००) *
११) एज >= ५५ २१ ६ ॲबसेंट (०.७१ ०.२९)
२२) एज >= १११ १४ २ ॲबसेंट (०.८६ ०.१४) *
२३) एज < १११ ७ ३ प्रेझेंट (०.४३ ०.५७) *
३) स्टार्ट < ८.५ १९ ८ प्रेझेंट (०.४२ ०.५८) *

सगळ्यात खालची ओळ घ्या, म्हणजे नोड ३. नोड म्हणजे झाडातली एक चौकट, आणि ओळीच्या सुरुवातीचा आकडा हा तिचा क्रमांक. ‘स्टार्ट < ८.५’ ही इथे पोचायची अट. १९ म्हणजे इथे आलेली मुलं. ८ म्हणजे लॉस: या सगळ्यांना एकच लेबल लावलं तर चुकणारी मुलं. मग ते लेबल, प्रेझेंट. कंसातले दोन आकडे म्हणजे या १९ जणांतलं ॲबसेंट आणि प्रेझेंटचं प्रमाण: ८ भागिले १९ म्हणजे ०.४२, ११ भागिले १९ म्हणजे ०.५८. ओळीच्या शेवटी तारा असेल तर ते पान, पुढे फाटा नाही.

कंसातला क्रम चुकू नका. तो फॅक्टरच्या पातळ्यांचा क्रम असतो, आणि तुम्ही ठरवून दिला नसेल तर वर्णानुक्रम. ‘हो’ आणि ‘नाही’ अशी मराठी लेबलं ठेवलीत तर कोणतं आधी येईल याचा अंदाज बांधू नका, लेव्हल्स आज्ञेने विचारून घ्या.

लॉस म्हणजे ‘नोडमधली बाधित मुलं’ असाही एक गैरसमज आहे. नोड २२ मध्ये लॉस २ आहे आणि लेबल ॲबसेंट, म्हणून तिथे बाक असलेली मुलं २. नोड २३ मध्ये लॉस ३ आहे पण लेबल प्रेझेंट, म्हणून तिथे बाक नसलेली मुलं ३, आणि असलेली ४. लेबल बदललं की लॉसचा अर्थ उलटतो.

८.५ हा आकडाही डोळ्यांत भरतो. साडेआठवा मणका कुठे असतो का? नसतो. सॉफ्टवेअर लगतच्या दोन प्रत्यक्ष किमती घेतं, इथे ८ आणि ९, आणि त्यांच्या बरोबर मध्ये रेघ मारतं. म्हणून अहवालात ‘स्टार्ट ९ किंवा जास्त’ असं लिहा. ८.५ ला काही वैद्यकीय अर्थ आहे असं वाचणाऱ्याला वाटू देऊ नका.

३. नोडचे क्रमांक आणि पानापर्यंतची वाट

नोडच्या क्रमांकांत उड्या दिसतात: ५ नंतर १०, ११, मग २२. काही हरवलेलं नाही. नोड क्ष ची पोरं नेहमी क्ष ची दुप्पट आणि दुप्पट अधिक एक. ११ ची पोरं २२ आणि २३. उलट २३ ला दोनाने भागून बाकी सोडली की आई ११, तिची ५, तिची २, मग मूळ. ही साखळी चढून गेलं की पानाचा पूर्ण नियम मिळतो.

नोड २३ चा नियम असा: स्टार्ट ९ ते १४ आणि वय ५५ महिने किंवा जास्त, पण १११ च्या आत. अंदाजे साडेचार ते सव्वानऊ वर्षं. नवख्यांची नेहमीची चूक अशी की फक्त शेवटची अट उचलायची: ‘वय १११ महिन्यांपेक्षा कमी असेल तर बाक येतो’. झाडात असं कुठेही म्हटलेलं नाही. त्याच फांदीवर ५५ महिन्यांखालची १२ मुलं आहेत आणि त्यातल्या एकालाही बाक नाही.

वयाबद्दल आणखी एक. झाड म्हणतं: लहान मुलांत नाही, मधल्या वयात आहे, मोठ्यांत पुन्हा कमी. ‘वय वाढलं की धोका वाढतो’ किंवा ‘घटतो’, दोन्ही वाक्यं इथे चूक. आणि हे सगळं फक्त स्टार्ट ९ ते १४ च्या ३३ मुलांपुरतं. बाकी ४८ मुलांसाठी झाडाने वय विचारलेलंच नाही.

कागदावर पानांची बेरीज करून बघा: २९ + १२ + १४ + ७ + १९ = ८१. लॉसची: ० + ० + २ + ३ + ८ = १३. बेरीज जमली नाही तर एखादं पान सुटलंय.

४. दोन्ही बाजूंना एकच लेबल, मग फाटा कशाला?

हा प्रश्न जवळपास प्रत्येक जण विचारतो. नोड २ फुटून ४ आणि ५ झाले, दोन्हीकडे ॲबसेंट. आधी चुका ६, नंतर ० + ६, म्हणजे सहाच. नोड ५ फुटला तेव्हाही तेच: ६ च्या जागी ० + ६. फायदा काय झाला?

फाटा निवडताना आरपार्ट चुका मोजत नाही, गिनी मोजतं, म्हणजे नोडमध्ये सरमिसळ किती आहे ते. दोन वर्गांसाठी गिनी म्हणजे एक वजा दोन्ही प्रमाणांचे वर्ग. मुळाशी १ − (०.७९० × ०.७९० + ०.२१० × ०.२१०) = ०.३३२. स्टार्टच्या फाट्यानंतर डावीकडे ०.१७५, उजवीकडे ०.४८८, ६२ आणि १९ या वजनांनी सरासरी ०.२४८. सरमिसळ ०.०८३५ ने उतरली. त्याला ८१ ने गुणलं की ६.७६ येतात, आणि समरी आज्ञेच्या छपाईत ‘इम्प्रूव्ह’ नावाने हाच आकडा छापलेला दिसतो. एकदा तरी हा हिशोब हाताने करा. नंतर तो आकडा पुन्हा कधी परका वाटत नाही.

तर ४ आणि ५ चा फाटा चुका कमी करत नाही, पण २९ मुलांचा एक स्वच्छ गट बाजूला काढतो. लेबल तेच राहिलं, संभाव्यता मात्र १० टक्क्यांवरून एकीकडे ० आणि दुसरीकडे १८ झाली. तुम्हाला संभाव्यता हवी असेल तर हा फाटा कामाचा आहे. फक्त हो-नाही हवं असेल तर एकट्याने तो काहीच देत नाही.

५. झाड इथेच का थांबलं?

नोड ३ मध्ये ११ विरुद्ध ८ अशी जबर सरमिसळ आहे, तरी पुढे फाटा नाही. यावरून ‘या मुलांत आणखी काही फरक सापडला नाही’ असा निष्कर्ष काढाल तर चुकाल. आरपार्टमध्ये मिनस्प्लिटची ठरलेली किंमत २० आहे: नोडमध्ये निदान २० ओळी असतील तरच फाटा शोधायचा. इथे १९ आहेत. एका ओळीने हुकलं, म्हणून शोधलंच नाही.

नोड २३ मध्ये ७ मुलं आहेत, हाही योगायोग वाटत असेल तर मिनबकेट बघा, म्हणजे पानात निदान किती ओळी हव्यात ते. तो मिनस्प्लिटचा तिसरा हिस्सा असतो, २० चा तिसरा हिस्सा पूर्णांकात ७. म्हणजे हे पान परवानगी असलेल्या सगळ्यात लहान आकाराचं आहे. १११ ची रेघ तिथे मुलांच्या शरीरामुळे आली की या मर्यादेमुळे, हे नुसत्या झाडावरून सांगता येत नाही. मिनबकेट ५ आणि १० करून झाड पुन्हा चालवा. रेघ हलली तर ती रेघ अहवालात ठळक करू नका.

नोड ४ आणि १० पूर्ण शुद्ध आहेत म्हणून थांबले, नोड २२ मध्ये २० पेक्षा कमी ओळी आहेत म्हणून. प्रत्येक पानापुढे थांबण्याचं कारण लिहून ठेवायची सवय लावा. ‘शुद्ध’, ‘लहान’ किंवा ‘सीपी’, एवढा एक शब्द पुरे. (सीपी म्हणजे फाट्याने निदान किती सुधारणा करायला हवी याची मर्यादा, ती आठव्या पायरीत येईल.)

६. पान किती भरवशाचं?

नोड ३ म्हणतो ५८ टक्के, नोड २३ म्हणतो ५७ टक्के. चित्रात दोन्ही चौकटींचा रंगही जवळजवळ सारखा. पण एक १९ मुलांवर उभा आहे आणि दुसरा ७ वर. ७ पैकी ४ यावर ९५ टक्क्यांचा नेमका विश्वासपट्टा, म्हणजे खरा दर जिथे असू शकतो तो पल्ला, काढला, आरमध्ये बायनॉम-टेस्टने एका ओळीत निघतो, तर तो साधारण १८ पासून ९० टक्क्यांपर्यंत पसरतो. त्याला ‘५७ टक्के’ म्हणणं म्हणजे नसलेली खात्री दाखवणं.

शून्याचं पान तर जास्तच फसवं. ‘१.०० ०.००’ दिसलं की मन म्हणतं, इथे धोका नाही. शून्य घटना दिसल्या तर खरा दर कुठवर असू शकतो याचा झटपट अंदाज म्हणजे ३ भागिले ओळी. नोड १० साठी ३ भागिले १२, २५ टक्के. नोड ४ साठी ३ भागिले २९, जेमतेम १० टक्के. दोन्ही पानं ‘शुद्ध’, पण एकाची हमी दुसऱ्याच्या अडीचपट चांगली.

शिवाय या रेघा सॉफ्टवेअरने शोधून शोधून, सगळ्यात छान दिसणाऱ्या जागी मारल्या आहेत. त्यामुळे हे पट्टेही प्रत्यक्षापेक्षा अरुंदच समजा.

७. चुकांचा तक्ता: अचूकता एकटी वाचू नका

प्रेडिक्ट आज्ञेत टाइप ‘क्लास’ देऊन मिळालेली लेबलं खऱ्या उत्तरांशी टेबलमध्ये मांडा. पाच पानांचं झाड असं निघतं: खरोखर बाक असलेल्या १७ पैकी १५ पकडले, २ सुटले. बाक नसलेल्या ६४ पैकी ५३ बरोबर, ११ ना उगाच प्रेझेंट म्हटलं. एकूण ६८ बरोबर, ८४ टक्के.

आता एकाच फाट्याचं झाड बघा, फक्त स्टार्ट ८.५ वर थांबलेलं. चुका ६ + ८ = १४, म्हणजे ६७ बरोबर, साधारण ८३ टक्के. तीन जादा फाट्यांनी एकूण एकच चूक वाचवली! अचूकतेकडे बघून कुणीही म्हणेल, छाटून टाका. पण एका फाट्याचं झाड १७ पैकी ११ च पकडतं. पाच पानांचं १५ पकडतं, आणि त्यासाठी खोट्या इशाऱ्यांत ३ ची भर पडते, ८ चे ११ होतात. चार मुलं जास्त सापडली, तीन विनाकारण घाबरली. हा सौदा परवडतो की नाही हे सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही. सुटलेल्या मुलाची किंमत जास्त की उगाच बोलावलेल्याची, हे त्या कामातल्या माणसाला विचारायचं.

तो ठरवलेला भाव आरपार्टला लॉस मॅट्रिक्समधून, म्हणजे कोणत्या चुकीची किती किंमत या तक्त्यातून, सांगता येतो, किंवा प्रायर, म्हणजे वर्गांचं आधीच धरलेलं प्रमाण, बदलून. मात्र प्रायर बदललात की छापलेल्या संभाव्यता त्या प्रायरनुसार वाकवलेल्या असतात, नोडमधलं साधं प्रमाण नसतात. त्या ‘शेकडा इतकी मुलं’ म्हणून उचलल्या की अहवालात चुकीची टक्केवारी जाते.

८. सीपी तक्ता आणि समरी

सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात कमी वाचला जाणारा तक्ता प्रिंटसीपी आज्ञेने मिळतो. वरच ‘रूट नोड एरर १७/८१ = ०.२१’ असं लिहिलेलं असतं. खालचे सगळे आकडे या १७ चुकांना १ मानून मोजलेले आहेत, ही किल्ली विसरली की तक्ता अगम्य होतो.

- ० फाटे: रेल एरर १.
- १ फाटा: रेल एरर ०.८२, कारण १४ भागिले १७.
- ४ फाटे: रेल एरर ०.७६, कारण १३ भागिले १७.

दोन आणि तीन फाट्यांच्या ओळी नाहीत. कारण चौथ्या पायरीत पाहिलं तेच: त्या दोन फाट्यांनी एकही चूक कमी झाली नाही, तिसऱ्याने मिळून एक झाली. म्हणून सीपीचा हिशोब तिघांचा एकत्र लागतो: १ भागिले १७, भागिले ३ फाटे, ०.०१९६. मूळची मर्यादा ०.०१ असल्याने ते जेमतेम टिकले. सीपी ०.०२ दिलात तर एका फाट्याचंच झाड उरेल.

रेल एरर ज्या ओळींवर झाड शिकलं त्याच ओळींवरचा आहे. फाटे वाढले की तो कमी होतो किंवा तेवढाच राहतो, वाढत कधीच नाही, म्हणून त्याच्यावर निर्णय घेऊ नका. त्याच्या शेजारचा एक्सएरर पाहा. तो दहा भागांच्या क्रॉस-व्हॅलिडेशनमधून येतो: प्रत्येक वेळी एक भाग झाकायचा, उरलेल्या नऊवर झाड बांधायचं, झाकलेल्या भागावर चुका मोजायच्या. भाग चिठ्ठ्या टाकल्यासारखे पडतात, म्हणून हा आकडा दर वेळी थोडा हलतो. सेट-सीड, म्हणजे दर वेळी त्याच चिठ्ठ्या पडाव्यात यासाठीचा आकडा, दिल्याशिवाय तक्ता कुणाला दाखवू नका.

या डेटावर एक्सएरर बऱ्याचदा १ च्या आसपास किंवा वरही जातो. समजा झाकलेल्या भागांवर मिळून २० चुका झाल्या: २० भागिले १७, १.१८. अर्थ सरळ आहे. न पाहिलेल्या मुलांवर हे झाड सगळ्यांना ‘ॲबसेंट’ म्हणण्यापेक्षाही वाईट ठरलं. पानं कितीही देखणी असली तरी तसं लिहायचं. शेजारी एक्सएसटीडी, म्हणजे एक्सएरर साधारण किती इकडे-तिकडे होऊ शकतो ते, ०.२२ च्या घरात असतो, म्हणजे १.० आणि १.१८ मधला फरकही या ८१ ओळींवर ठामपणे सांगता येत नाही.

किती छाटायचं यासाठी रूढ नियम: सगळ्यात कमी एक्सएरर घ्या, त्यात त्याच ओळीचा एक्सएसटीडी मिळवा, आणि त्या बेरजेच्या आत बसणारं सगळ्यात लहान झाड निवडा. त्या ओळीचा सीपी छाटणीच्या आज्ञेत, म्हणजे प्रूनमध्ये, द्यायचा.

समरीत प्रत्येक नोडखाली दोन याद्या येतात आणि त्यांची गल्लत हमखास होते. ‘प्रायमरी स्प्लिट्स’ म्हणजे फाट्याचे उमेदवार. मुळाशी स्टार्ट ६.७६, नंबर २.८७, एज २.२५. स्टार्ट दुपटीहून पुढे आहे, म्हणजे हा फाटा पक्का. पहिले दोन उमेदवार खेटून असते, तर दहा ओळी इकडच्या तिकडे झाल्या तरी झाडाचं मूळच बदललं असतं. ‘सरोगेट स्प्लिट्स’ वेगळे: एखाद्या मुलाचा स्टार्ट नोंदलेलाच नसेल तर कोणत्या कॉलमवरून त्याला डावी-उजवी दाखवायची, ते. मुळाशी नंबर < ६.५ हा सरोगेट आहे, ॲग्री ०.८०२. ऐंशी टक्के जुळणी वाचून भारावू नका. सगळ्यांना डोळे मिटून मोठ्या बाजूला पाठवलं तरी ६२ भागिले ८१, म्हणजे ७६.५ टक्के जुळतं. खरी कमाई शेजारच्या ‘ॲडज’मध्ये आहे, ०.१५८.

यातूनच आणखी एक कोडं सुटतं. व्हेरिएबल इम्पॉर्टन्समध्ये, म्हणजे कोणत्या कॉलमचा वाटा किती या यादीत, स्टार्ट ६४, एज २४, नंबर १२ असं छापून येतं, आणि झाडात तर नंबर कुठेच नाही! त्याला हे १२ सरोगेट म्हणून मिळाले आहेत. उलट, झाडात न दिसणारा कॉलम ‘निरुपयोगी’ असंही लिहू नका. दोन कॉलम एकमेकांसारखे असले की एक पुढे येतो आणि दुसरा त्याच्या सावलीत राहतो. आणि ही संख्या कारण सांगत नाही. स्टार्ट ६४ म्हणजे स्टार्टमुळे ६४ टक्के बाक आला, असं मुळीच नाही.

९. दुसरं सॉफ्टवेअर असेल तर

पायथनच्या सायकिट-लर्न पॅकेजमध्ये अट नेहमी ‘<=’ अशी असते, आणि खरी ठरली तर डावीकडे. मजकुराचे कॉलम आधी ०-१ मध्ये फोडावे लागतात, आणि इथे फार जण उलटं वाचतात: ‘रंग_लाल <= ०.५’ याची डावी फांदी म्हणजे लाल नसलेले. चौकटीतल्या ‘व्हॅल्यू’त जुन्या आवृत्त्या मोजणी दाखवायच्या, नव्या प्रमाण दाखवतात, ‘सॅम्पल्स’शी गुणून खात्री करा. रंग गडद असणं म्हणजे नोड शुद्ध असणं, मोठा असणं नव्हे. मुख्य म्हणजे काही मर्यादा न देता चालवलंत तर ते पानं शुद्ध होईपर्यंत वाढतं आणि शिकलेल्या ओळींवर १०० टक्क्यांच्या आसपास अचूकता दाखवतं. ती अचूकता कुठेही लिहू नका.

वेकाचं जे-४८ पानापुढे ‘(४६.०/१.०)’ असं छापतं. ४६ बरोबर आणि १ चूक असं नाही: ४६ पोचले, त्यातला १ चुकला. दशांशात ओळी दिसल्या तर गोंधळू नका, किंमत नसलेली ओळ तिथे तुकड्यांत वाटली जाते. आणखी एक: वर छापलेलं झाड पूर्ण डेटावरचं असतं, खालचे क्रॉस-व्हॅलिडेशनचे आकडे मात्र दहा वेगळ्या झाडांचे असतात.

एसपीएसएसमध्ये ‘रिस्क’ म्हणजे चुकलेल्या ओळींचा वाटा. तुम्ही क्रॉस-व्हॅलिडेशन निवडलं नसेल तर तो शिकलेल्या ओळींवरचाच आहे. शिवाय चेड पद्धत निवडली असेल तर एका नोडला दोनहून जास्त फाटे फुटू शकतात, तिथे दुप्पट-अधिक-एकचा नियम लावू नका.

१०. अहवालात काय लिहायचं

‘स्टार्ट ८.५ पेक्षा कमी असल्यास बाक येतो’ हे वाक्य टाळा. त्याऐवजी: ‘या डेटातल्या ज्या १९ मुलांची शस्त्रक्रिया आठव्या किंवा त्याहून कमी क्रमांकाच्या मणक्यापासून सुरू झाली, त्यांच्यातल्या ११ जणांना नंतर बाक आढळला, उरलेल्या ६२ पैकी ६ जणांना.’ यात मोजणी आहे, तुलना आहे आणि कारणाचा दावा नाही.

झाडाच्या चित्राखाली एवढं तरी छापा: एकूण ओळी आणि वर्गांची मोजणी, मिनस्प्लिट, मिनबकेट, सीपी, सीडचा आकडा, आर आणि आरपार्टची आवृत्ती, पूर्ण सीपी तक्ता. आरपार्ट डॉट प्लॉटचं चित्र देणार असाल तर चौकटीतल्या तीन ओळींचा अर्थही लिहा: लेबल, दुसऱ्या वर्गाची संभाव्यता, आणि एकूण ओळींपैकी किती टक्के इथे पोचल्या. ‘प्रेझेंट ०.५७ ९%’ बघून वाचणारा ९ टक्के धोका समजतो. चित्र बनवताना एक्स्ट्राचा पर्याय १ ठेवलात तर टक्केवारीऐवजी मोजणी छापून येते, ‘३ ४’. ८१ ओळींच्या डेटाला तेच शोभतं, कारण ७ मुलांचं पान ७ मुलांचंच दिसतं.